ऑपरेशननंतरचा वॉर्ड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विपश्यना म्हणजे अंगातल्या संवेदना प्रतिक्रिया न देता बघण्याची साधना. तिच्या शिबिरांत, ती शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या सूचनांचं ध्वनिमुद्रणच यापुढेही लावत राहायचं का, या विषयावर आपल्या रविवारच्या अंकांत दोन जुन्या साधकांची पत्रं आली. एकांचं म्हणणं, गुरुजी २९ सप्टेंबर २०१३ रोजी गेले, आता शिबिरं चालवणाऱ्या आचार्यांनी स्वतःच्या तोंडून शिकवायला हवं. दुसऱ्यांचं म्हणणं, काना-मात्रा बदलायची नाही, आज एक शब्द बदलाल तर उद्या विद्याच भेसळीची होईल. दोन्ही पत्रं मी दोनदा वाचली. दोघांनाही विद्येची मनापासून काळजी आहे, हे ओळीओळीत दिसतं. पण जुन्या साधकांच्या आयुष्यातली एक गोष्ट दोघांच्याही पत्रात नाही, आणि मला तीच जास्त जाळते. म्हणून लिहिते आहे.

मी निवृत्त परिचारिका. ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली अर्धी रात्रपाळीत. पहिलं दहा दिवसांचं शिबिर १९९६ साली इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर केलं. पुढे अशी दहा शिबिरं झाली, जुन्या साधकांसाठीची दोन सतिपट्ठान शिबिरं, एक वीस दिवसांचं, आणि चार वेळा धम्मसेवा, म्हणजे शिबिरात सेवेचं काम. गेली २२ वर्षं आमच्या भागातल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी सकाळी सामूहिक साधना असते. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्याची जबाबदारी कुणाची, हे कळावं म्हणून सांगते.

ध्वनिमुद्रणाबद्दल माझं मत विचाराल तर ते राहावं. मी सेवा दिलेल्या एका शिबिरात चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना दिली जात होती. हॉलमध्ये शंभराच्या वर माणसं होती, आणि सगळ्यांपर्यंत एकच सूचना, एकाच संथपणे पोचत होती. कुठलाही आचार्य थकलेला असो, त्याचं डोकं दुखत असो, त्या आवाजात फरक पडत नाही. पण हेही खरं, की मुद्रण ही काही अडीच हजार वर्षांची परंपरा नव्हे. गुरुजींनी ब्रह्मदेशात आपले गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे १४ वर्षं साधना केली ती त्यांच्यासमोर बसून. १९६९ च्या जुलैत मुंबईत भारतातलं पहिलं शिबिर झालं त्यात अवघे १४ साधक होते, प्रत्येकाचा चेहरा त्यांना दिसत होता. १९७६ मध्ये धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली, माणसं वाढत गेली, आणि १९८२ पासून त्यांनी सहायक आचार्य नेमायला सुरुवात केली. गरज पडली तेव्हा गुरुजींनी स्वतःच व्यवस्था बदलली. म्हणून बदल हा शब्द काढला की लगेच कुणी विद्या बुडवायला निघालं, असं समजू नये, इतकंच.

वाद आमच्याकडेही पुष्कळ होतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी खुर्ची घेतली तर ती मागच्या भिंतीलाच लावायची का? दुसऱ्या पद्धतीचं, म्हणजे महासी सयादोंच्या परंपरेतलं पोटाचं वर-खाली होणं बघण्याचं शिबिर करून आलेल्याला लांब शिबिराला बसता येईल का? (नियम सांगतो, दोन वर्षं हीच एक विद्या. मला तो पटतो. दोन डॉक्टरांची औषधं एकाच वेळी घेऊ नयेत.) पण सगळ्यांत खोल वाद एका शब्दाचा आहे, आणि तो बहुधा महाराष्ट्राबाहेर कुणाला कळायचाही नाही.

आमच्या गटातले निम्म्याहून जास्त लोक आंबेडकरी घरांतले आहेत. त्यांच्या घरात 'समता' हा शब्द जन्मापासून असतो, आणि त्याचा अर्थ बरोबरी. शिबिरात तोच शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ उपेक्खा, सुखद-दुःखद कुठल्याच संवेदनेला प्रतिक्रिया न देणं. एकाच चटईवर एका शब्दाचे दोन अर्थ बसलेले असतात. मागच्या वर्षी एका पंचविशीतल्या मुलानं साधनेनंतर जिना उतरताना सरळ विचारलं, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा दिली ती काय गप बसून सहन करायला? ऑफिसात मला जातीवरून बोलतात तेव्हा मी समता ठेवायची की तक्रार करायची? आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणाले, तक्रार जरूर कर, पण रात्रभर जळत बसू नकोस, जळलास तर तक्रारीचा कागदही धड लिहून होणार नाही. उत्तर चांगलं होतं. पण मुलाचा चेहरा तसाच राहिला. मला वाटतं त्याला उत्तर हवंच नव्हतं. ऑफिसात नेमकं काय झालं, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. आम्ही कुणी विचारलं नाही. जिना संपला आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले.

माझ्या पत्राचा विषय हा आहे. आम्ही जुने साधक मुद्रणावर बोलतो, खुर्चीवर बोलतो, शब्दांवर बोलतो. शेजारच्या चटईवरच्या माणसाचं काय चाललंय, हे मात्र आम्हाला ठाऊक नसतं.

आमच्याकडे एक काका यायचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. खिडकीपाशी बसायचे, भिंतीला पाठ न टेकता. सोबत निळ्या काठाचा एक नॅपकिन आणायचे. त्याची चौपदरी घडी करून डाव्या घोट्याखाली सारायचे, मग हातानं दोनदा दाबून बघायचे आणि डोळे मिटायचे. तास संपला, मैत्री (सगळ्या प्राण्यांचं मंगल चिंतणं) झाली, आम्ही 'साधु, साधु, साधु' म्हटलं की तोच नॅपकिन खिडकीबाहेर झटकायचे, पुन्हा घडी करायचे, खिशात ठेवायचे आणि मला मान लवून निघायचे. ११ वर्षं हे मी दर रविवारी बघितलं. या ११ वर्षांत आमचं एकूण बोलणं पंधरा मिनिटांचंही झालं नसेल.

मग ते यायचे थांबले. पहिले काही रविवार खिडकीपाशची जागा मोकळी राहिली. पुढे कुणीतरी वाऱ्यासाठी तिकडे सरकलं आणि जागा भरली. मी फोन केला नाही. नंबर तरी कुठे होता माझ्याकडे! मनात यायचं, प्रत्येकाचा आपला मार्ग, प्रत्येकाचं आपलं कर्म, आपण कशाला कुणाच्या मागे लागायचं. वॉर्डात मी असं कधी केलं नसतं. सकाळी ड्यूटीवर आल्यावर एखादा बेड रिकामा दिसला की रात्रीच्या सिस्टरला पहिला प्रश्न तोच. डिस्चार्ज, शिफ्ट, की गेले? ओव्हर, म्हणजे तिच्या पाळीचा सगळा हवाला, घेतल्याशिवाय आम्ही रात्रीच्या सिस्टरला सोडत नसू. आणि इथे ११ वर्षांच्या माणसाची जागा रिकामी झाली, तर मी डोळे मिटून मंगल मैत्री करत होते. सगळ्या प्राण्यांसाठी.

चौदा महिन्यांनी त्यांची सून योगायोगानं भेटली. म्हणाली, आई गेल्या, तेव्हापासून बाबा बसत नाहीत. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. काका पलंगावर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी खांदा धरून बसवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सिस्टर, डोळे मिटले की तिचा खोकला ऐकू येतो. शेवटचे तीन महिने ती खोकतच होती. समता काही राहत नाही. इतकी वर्षं बसून एवढंही जमत नाही, तर तुमच्यात येऊन तोंड काय दाखवू?"

संपादक महोदय, बायको गेल्याचं दुःख होतंच. पण त्याच्यावर या माणसानं आणखी एक दुःख वाहिलं, नापास झाल्याचं. ते ओझं त्यांच्या पाठीवर कुणी ठेवलं? गुरुजींनी नव्हे. मन भरकटलं, हरलो असं वाटलं, तर पुन्हा सुरू करा, हे शिबिरात किती वेळा कानावर पडतं! ते ओझं आमच्या गप्प बसण्यानं ठेवलं. तासभर ताठ बसलेली वीस-पंचवीस माणसं बघून प्रत्येकाला वाटतं, बाकी सगळ्यांचं छान चाललंय, मीच काय तो मागे पडलोय.

दुसरी गोष्ट सांगणं मला जास्त जड जातं. एक चोवीस वर्षांची मुलगी दुसरं शिबिर करून आली. रविवारी साधनेनंतर जिन्यात मला थांबवून म्हणाली, मावशी, पाच रात्री झोप नाही, अंगातून सारखा करंट जातोय, थांबतच नाही. मी कुलूप लावत होते. वळून म्हणाले, येतं तसं जातं बाळा, अनिच्च आहे, टिकत नाही, समता ठेव. ती 'हो' म्हणाली आणि उतरून गेली. ३१ वर्षं नोकरी केलेल्या बाईनं तिला बसवून विचारायला हवं होतं, जेवतेस का, आधी कधी असं झालं होतं का, काही औषध चालू होतं आणि बंद केलंस का, घरी कोण आहे. यातलं एकही विचारलं नाही. वॉर्डात पाच रात्री न झोपलेल्या पेशंटला मी 'समता ठेवा' म्हणाले असते तर मेट्रननं मला दारात उभं केलं नसतं. तीन दिवसांनी तिच्या भावानं तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. औषध आणि विश्रांतीनं ती सावरली, आता नोकरी करते. साधनेला बसत नाही. तिनं बसावं असा माझा आग्रहही नाही. यात मी विद्येला दोष देत नाही आणि केंद्रालाही नाही. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं, आणि शिबिर हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही हेही सांगितलेलं असतं. चूक जिन्यात झाली, आणि ती माझी होती.

आता जुने साधक जो आक्षेप घेतील तो मला माहीत आहे, कारण मी स्वतः तो कित्येक वर्षं घेत आले. अनुभवांची तुलना करू नये, असं आपल्याला शिकवलेलं आहे. ते अगदी बरोबर आहे. एकीनं म्हणायचं माझ्या सगळ्या शरीरात प्रवाह वाहतोय, की दुसरी आपल्या दुखऱ्या गुडघ्याला कंटाळते आणि प्रवाहाची वाट बघत बसते. तिथेच तृष्णा सुरू. हा नियम मोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. पण 'मला कोणती संवेदना आली' हे सांगणं निराळं आणि 'मला बसवत नाही' हे सांगणं निराळं. पहिलं न बोलता आपण दुसऱ्याचंही तोंड बांधून टाकलं.

आणि बुद्धांनी काय सांगितलं तेही बघावं. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं सगळं तिपिटक, म्हणजे बुद्धवचनांचे पाली ग्रंथ, देवनागरीत छापलं, म्हणून माझ्यासारखीला निदान अक्षरं लावता येतात. अर्थ जाणकारांना विचारून घेते. विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथांतल्या, महावग्गात प्रवारणेची कथा आहे. कोसल देशात काही भिक्खू एकत्र वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात एका जागी, राहिले. भांडणतंटा नको म्हणून त्यांनी ठरवलं की कुणी कुणाशी बोलायचंच नाही. भिक्षेहून जो आधी परतेल त्यानं आसनं मांडायची, पाणी भरून ठेवायचं. हंडा एकट्याला उचलला नाही तर हातानं खूण करून दुसऱ्याला बोलवायचं, पण शब्द काढायचा नाही. वर्षावास संपल्यावर ते श्रावस्तीला गेले आणि आम्ही किती सुखानं राहिलो, हे भगवंतांना सांगितलं. भगवंत प्रसन्न झाले नाहीत. हे तर जनावरांसारखं एकत्र राहणं झालं, असं त्यांनी सुनावलं, मुक्याचं व्रत घ्यायला मनाई केली, आणि प्रवारणेचा नियम घातला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूनं संघाला हात जोडून विनवायचं, की माझ्याबद्दल काही पाहिलं, ऐकलं, शंका आली असेल तर माझ्यावर दया करून मला सांगा.

शिबिरातलं आर्य मौन, म्हणजे साधकांनी आपसांत न बोलणं, मला प्राणासारखं प्रिय आहे. पण ते दहाव्या दिवशी सुटतं. आठवा तो दहावा दिवस. मैत्रीची साधना झाली की माणसं हॉलबाहेर येतात आणि पहिला अर्धा मिनिट कुणाला शब्दच सुचत नाही, ओठ हलतात आणि हसूच येतं. मग सगळे एकदम बोलायला लागतात. शेजारच्या खोलीतली बाई कोण, कुठली, कशासाठी आली, हे त्या दिवशी कळतं. ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे. गुरुजी विपश्यनेला मनाचं ऑपरेशन म्हणायचे. मी ऑपरेशन थिएटरातही काम केलंय आणि पोस्ट-ऑपरेटिव्ह वॉर्डातही. सर्जन कितीही निष्णात असो, टाके घातल्यावर पेशंटला वॉर्डात आणावंच लागतं. तिथे कुणीतरी दर तासाला नाडी बघतं, लघवी झाली का विचारतं, कण्हणं ऐकतं. शिबिर हे थिएटर असेल, तर रविवारची सामूहिक साधना हा आपला वॉर्ड. आणि आपल्या वॉर्डात सिस्टरच नाही. शिबिरात दुपारी आचार्यांना एकांतात भेटता येतं, रात्री नऊनंतर हॉलमध्ये प्रश्न विचारता येतात. घरी आल्यावर पुढची दहा, वीस, तीस वर्षं? आचार्यांना गाठायला कुणाची ना नसते, पण खोकला ऐकू येतो म्हणून काका कुठल्या आचार्यांना शोधत जाणार होते?

पोटाच्या विकारानं स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. भगवंतांनी पाणी ओतलं, आनंदांनी धुतलं, एकानं डोकं आणि एकानं पाय धरून त्याला मंचकावर निजवलं. मग इतरांना विचारलं, याची शुश्रूषा का केली नाही? तो आमच्या काही उपयोगाचा नाही, असं उत्तर आलं. भगवंत म्हणाले, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? नर्सिंग शिकताना ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली होती. साधना शिकल्यावर मी ती विसरले.

गेले आठ महिने आम्ही एक साधी गोष्ट करतो. साधनेच्या तासाला हात लावलेला नाही, मुद्रण तेच, मैत्री तीच. त्यानंतर चटया लगेच गुंडाळत नाही. वीस मिनिटं बसतो. संवेदनांबद्दल बोलायचं नाही, कुणी कुणाला शिकवायचं नाही. आठवडा कसा गेला, बसणं होतंय का, आणि आज कोण आलेलं नाही, एवढंच. सहायक आचार्यांना आधी विचारलं होतं. त्यांनीही हीच मर्यादा घातली, की तास अखंड राहू द्या आणि कुणी गुरू होऊ नका. वॉर्डातल्या ओव्हरबुकासारखी एक वही केली आहे. नाव, फोन, घरच्या एका माणसाचा फोन. सलग तीन रविवार कुणी दिसलं नाही तर फोन करायचा. 'का आला नाहीत' असं विचारायचं नाही, 'बरे आहात ना' असं विचारायचं. आणि कुणी झोप उडाल्याचं, आवाज ऐकू येत असल्याचं, जेवण तुटल्याचं सांगितलं, तर साधना थांबवायला सांगायचं आणि घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे जायचं. तिथे 'समता ठेवा' हे उत्तर नाही.

हे सगळ्यांना आवडलं असं नाही. दोन जुने साधक यायचे बंद झाले. इथे आता गप्पांचं मंडळ होणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भीती खोटी नाही. पहिल्या महिन्यात एकदा वीस मिनिटांची पन्नास झाली होती आणि विषय कुणाच्या तरी सोसायटीच्या पार्किंगवर गेला होता. आता आम्ही घड्याळ समोर ठेवतो. त्या दोघांनाही मी फोन करते. वही त्यांच्यासाठीही आहे.

तो पंचविशीतला मुलगा येतो. ऑफिसात काय झालं ते त्यानं तिसऱ्या रविवारी सांगितलं, आणि आमच्यातल्या एका निवृत्त कारकुनानं त्याला तक्रारीचा अर्ज लिहून द्यायला मदत केली. काका मागच्या महिन्यापासून येतात. तासभर बसवत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी डोळे उघडतात आणि खिडकीबाहेर बघत राहतात. घोट्याखाली नॅपकिन तोच आहे, निळ्या काठाचा.

गावोगावी सामूहिक साधनेच्या खोल्यांच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात. त्यांतले काही जण आपला अंक वाचत असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या रविवारी चटया मोजाल तेव्हा कोण नाही तेही बघा, आणि त्याच संध्याकाळी स्वतः बसायच्या आधी त्यांना फोन करा.

आपली,
एक जुनी साधिका
(निवृत्त परिचारिका)